एकच कोपरा धरा: बेळगाव भागात कचरा हटवायला पुढं येणाऱ्या नवख्यांसाठी

2 ऑक्टोबरला सकाळी बेळगावात झाडू धरणाऱ्या हातांची कमतरता नसते. टोप्या असतात, बॅनर असतो, फोटो होतात, उप्पीट होतं आणि दहाच्या आत सगळे घरी. दिवाळीपर्यंत तोच कोपरा पुन्हा तसाच भरतो. मग "आपले लोक सुधारायचे नाहीत" असं म्हणून मंडळी हात झटकतात. खरं तर तिथं कचरा कोण टाकतं, किती वाजता टाकतं आणि का टाकतं, हे कुणी बघितलेलंच नसतं. उचलणं हा या कामातला सोपा भाग आहे. त्याच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे पंधरा दिवस जास्त महत्त्वाचे, म्हणून या लेखात त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

जागा एकच, आणि लहान

सुरुवातीला नाला, तलाव, नदीकाठ असलं काही घेऊ नका. बेल्लारी नाला साफ करण्याची इच्छा चांगलीच, पण ते जेसीबीचं आणि सरकारी निधीचं काम आहे. आठ-दहा माणसांना दोन तासांत आटपेल एवढी जागा निवडा: ट्रान्स्फॉर्मरखालचा कोपरा, मोकळ्या प्लॉटची कड, शाळेच्या मागच्या भिंतीचा तुकडा, बोळाचं तोंड. शक्यतो रोज तुमच्या येण्या-जाण्याच्या वाटेवरची. अनगोळात राहून हिंडलग्याचा कोपरा सांभाळता येत नाही.

जागा ठरली की ती कुणाच्या हद्दीत येते ते विचारा. आपल्याकडे हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. शहरात महापालिकेचे 58 वॉर्ड, कॅम्पमध्ये कॅन्टोन्मेंट बोर्ड, हिंडलगा-कंग्राळीकडे वळलात की ग्रामपंचायत, मधेच रेल्वेची जमीन, कुठं राष्ट्रीय महामार्गाची कड. बघा, सगळ्यात मोठे ढीग बहुतेक हद्दीवरच असतात. एकाची गाडी अलीकडून वळते, दुसऱ्याची पलीकडून. अशी जागा पहिल्या कामाला घेऊ नका, दोन कार्यालयांच्या फेऱ्यांतच उत्साह संपेल. रेल्वे रुळालगतची जागा तर परवानगीशिवाय अजिबात नाही. खासगी प्लॉट असेल तर मालकाला फोन करून विचारा. बहुतेक मालक खूशच होतात, पण न विचारता शिरलात तर तोच मालक भांडायला येतो.

आठवडाभर हात न लावता बघा

इथं बरेच जण घाई करतात. एक वही घ्या. सकाळी सहा-साडेसहाला, दुपारी एकदा आणि रात्री दहाच्या सुमारास जागेवरून फेरी मारा. थांबून कुणाकडं रोखून बघू नका, नुसतं चालत जा.

ढिगाकडं नीट बघितलं तर तोच बरंच सांगतो. भाजीची देठं, चहाचा चोथा आणि दुधाच्या पिशव्या गाठ मारलेल्या कॅरीबॅगेत असतील तर तो घरचा कचरा, आणि त्या घराला गाडी सापडत नाही. कोंबडीची पिसं आणि आतडी असतील तर रात्री दुकान बंद करताना कुणीतरी पोतं रिकामं करतं. कागदी कप जास्त असतील तर पन्नास पावलांच्या आत टपरी आहे आणि तिच्याकडं बादली नाही. ओळीनं टाकलेले दारूचे छोटे टेट्रा पॅक, पाण्याच्या पिशव्या आणि शेंगदाण्याचे कागद असले तर ती संध्याकाळची बैठक. तिथं दिवा नसतो किंवा फुटलेला असतो. दुचाकीच्या हँडलला पिशवी अडकवून कामावर जाता जाता, गाडी न थांबवता ती भिरकावणारे मात्र गल्लीतले नसतात. ते दोन-तीन गल्ल्या पलीकडचे, म्हणून त्यांना लाजही वाटत नाही.

हे सगळं वहीत लिहा: वेळ, काय टाकलं, कुठल्या बाजूनं आले. नावं लिहू नका. वही उद्या कुणाच्या हाती लागली तर कामाचं भांडण होईल. चोरून व्हिडिओ काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. माझं मत स्पष्ट आहे: त्यानं एक माणूस दोन दिवस गप्प बसतो आणि कायमचा शत्रू होतो.

आठवड्याच्या शेवटी बहुतेक वेळा एक-दोनच कारणं उरतात. गाडी साडेनऊला येते आणि नवरा-बायको दोघं आठला बाहेर पडतात. भाड्याच्या खोल्यांतल्या कॉलेजच्या पोरांना गाडी येते हेच माहीत नसतं. बोळ अरुंद, गाडी आत शिरत नाही, आणि म्हातारं माणूस कोपऱ्यापर्यंत बादली आणू शकत नाही. शहापूर-वडगावच्या विणकर गल्ल्यांत सुताचे तुकडे आणि चिंध्या निघतात, त्या ओल्यात टाकायच्या की कोरड्यात हेच ठरत नाही. (कोरड्यात. आणि बऱ्याशा चिंध्या असतील तर पिशव्या शिवायला मागून घ्या.)

मग बोलायचं, आणि आधी सफाई कामगारांशी

नगरसेवकाकडं जायच्या आधी कचरागाडीच्या चालकाशी आणि झाडणाऱ्या बायकांशी बोला. त्यांना कन्नडमध्ये पौरकार्मिक म्हणतात, आणि गल्लीतली खरी माहिती त्यांच्याकडं असते. कुठलं घर मिसळून देतं, कुठल्या दुकानदारानं मागच्या महिन्यात शिव्या दिल्या, मुकादम कधी येतो, सगळं. चहा पाजा, ऐका. "आम्ही तुमचं काम करतोय" असा सूर लावू नका. त्यांना आधीच वाटत असतं की हे लोक आले म्हणजे आपल्यावर तक्रार होणार. गाडी आपल्या गल्लीत अर्धा तास आधी फिरवता येईल का, एवढी एकच गोष्ट विचारा. पुष्कळदा ती मुकादमाच्या पातळीवरच जमून जाते आणि निम्मा ढीग तिथंच संपतो.

मग घरं. जोडीनं जा, एक बाई आणि एक बाप्या असेल तर दार लवकर उघडतं. भाषण करू नका, सोय सांगा: "काकू, गाडी आता आठच्या आत येते. तुम्ही लवकर जाता ना, मग बादली आमच्या पायरीवर ठेवून जा, आम्ही देतो गाडीत." घर कन्नडभाषक असेल तर मोडकंतोडकं का होईना, कन्नडमध्येच बोला. "अक्का, इल्लि कस हाकब्याड्री" (ताई, इथं कचरा टाकू नका) एवढं म्हटलं तरी समोरचा हसतो आणि अर्धं काम होतं. दुकानदाराला अण्णा किंवा मामा म्हणा आणि बादलीचा विषय त्याच्या फायद्याच्या बाजूनं काढा: टपरीसमोर घाण नसली की गिऱ्हाईक थांबतं.

चिकन-मटण दुकानाचा प्रश्न गोड बोलून सुटत नाही. ती घाण घरच्या ओल्या कचऱ्यात जात नाही, तिची वेगळी उचल लागते. ते महापालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी कळवा आणि दुकानदाराला तसं आधी सांगून कळवा. मागून तक्रार केली की गल्लीत राहणं अवघड होतं.

अर्ज: कन्नड वर, मराठी खाली

साधा एक पानी अर्ज पुरतो. शहरात तो महापालिका आयुक्तांच्या नावे आणि प्रत आरोग्य निरीक्षकाला. गावात ग्रामपंचायतीच्या पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना. कन्नडमध्ये लिहून घ्या, खाली मराठी मजकूर जोडा. बेळगावात भाषेचा लढा जुना आहे, त्याची जागा वेगळी आहे. आपला अर्ज टेबलावर नुसता पडून राहू नये एवढंच इथं बघायचं. शेजारचा एखादा कन्नडभाषक पोरगा हौसेनं लिहून देतो आणि मग तोही कामात येतो.

अर्जात चारच गोष्टी मागा: ठरलेल्या दिवशी गोळा झालेला कचरा उचलायला ट्रॅक्टर किंवा टिप्पर, ब्लीचिंग पावडर, पथदिव्याची दुरुस्ती आणि गाडीची बदललेली वेळ लेखी. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. टिप्परचा शब्द मिळाल्याशिवाय मोहिमेची तारीख जाहीर करू नका. पोती भरून रस्त्याकडेला ठेवली, गाडी आली नाही आणि रात्रीत कुत्र्यांनी ती फाडली, तर आधीपेक्षा वाईट दिसतं आणि नाव मंडळाचं खराब होतं.

सामान

रबरी जाड हातमोजे (वैद्यकीय पातळ नकोत, काचेनं लगेच फाटतात), बूट, लांब बाह्यांचा शर्ट, साधा मास्क. खोरं, घमेलं, दाताळं, खराटा हे गल्लीतल्या घरांतून गोळा होतं, विकत आणू नका. खताची आणि सिमेंटची रिकामी पोती शेतकऱ्याकडून किंवा बांधकामावरून मिळतात. कचऱ्यासाठी नव्या प्लॅस्टिक पिशव्या विकत आणणं म्हणजे हसू करून घेणं. एक लोखंडी चिमटा, काचेसाठी पत्र्याचा डबा, सुयांसाठी झाकणाची जाड बाटली. साबण, पाण्याची कळशी, आयोडीन, पट्ट्या. ज्यांनी बऱ्याच वर्षांत धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नाही त्यांनी आधी घेऊन यावं.

बॅनर? नको. कर्नाटकानं 2016 मध्ये प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांबरोबर फ्लेक्स आणि प्लॅस्टिक बॅनरांवरही बंदी घातली, आणि स्वच्छतेची हाक फ्लेक्सवर छापलेली बघितली की मला तरी हसू येतं. पत्र्यावर पेंटरकडून दोन ओळी लिहून घ्या, कन्नड आणि मराठीत: गाडीची वेळ आणि ओला-कोरडा वेगळा द्या, एवढंच. "येथे कचरा टाकू नये" हे वाक्य आपल्याकडं कचऱ्याच्या ढिगावरच लिहिलेलं असतं, त्यामुळं ते आता कुणी वाचत नाही.

प्रत्यक्ष दिवस

रविवार, सकाळी साडेसहा. मार्च ते मे मध्ये नऊच्या आत संपवा. पावसाळ्यात जुन्या ढिगात साप-विंचू असतात, म्हणून हात घालण्याआधी दाताळ्यानं ढीग ओढून पसरा. पहिली पंधरा मिनिटं फक्त दोन अनुभवी माणसांनी काच, सुया, पत्रे वेचायचे; बाकीच्यांनी तोवर लांब थांबायचं. लहान मुलांना रंगकाम आणि झाडांना पाणी, ढिगाशी नाही. मेलेलं जनावर, दवाखान्यातली घाण दिसली तर हात न लावता कोपरा आखून ठेवा आणि आरोग्य निरीक्षकाला फोन करा. उघड्या गटारात उतरू नका, तुंबलं असलं तरी. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि पायाला बारीक चीर असली तरी तेवढी पुरते.

चार ढीग करा. ओला वेगळा, तो कुजलेलाच असतो, माती मिसळून खड्ड्यात जातो. भंगारवाला घेतो ते वेगळं: पाण्याच्या बाटल्या, पत्रा, पुठ्ठा, स्वच्छ दुधाच्या पिशव्या. गुटख्याच्या पुड्या, चिप्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या वेगळ्या. त्यांत प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, भंगारवाला त्यांना हात लावत नाही. त्या कोरड्या कचऱ्याच्या पोत्यात, महापालिकेकडं. चौथा ढीग काच आणि धोक्याच्या वस्तूंचा: बॅटऱ्या, बल्ब, मुदत संपलेली औषधं.

कागदी कप कागदात टाकू नका. आतून पातळ प्लॅस्टिकचा थर असतो. दुधाच्या पिशवीचंही तसंच एक बारीक काम आहे: पिशवीचा कोपरा पूर्ण तोडला की तो नखाएवढा तुकडा कुठंही जातो, गटारात, गायीच्या पोटात, पेरूच्या झाडाखाली. कात्रीनं अर्धवट कापून तो पिशवीलाच लटकत ठेवला तर पिशवीबरोबर भंगारात जातो. बायकांच्या बैठकीत हे एकदा हातात पिशवी घेऊन दाखवा. पुढच्या ढिगात ते तुकडे कमी झालेले दिसतील.

काही झालं तरी पेटवू नका. पालापाचोळा आहे, थोडं प्लॅस्टिक आहे, काडी लावली की सुटलो, असं कुणीतरी म्हणतंच, आणि म्हणणारा बहुतेक वयानं मोठा असतो. उघड्यावर कचरा जाळायला 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच मनाई केली होती, आणि प्लॅस्टिकचा धूर पहिल्यांदा ढिगाला लागून असलेल्या घरातल्या बाळाच्या छातीत जातो. पालापाचोळा नारळाच्या किंवा आंब्याच्या बुंध्याला घाला.

जागा रिकामी झाली की त्याच दिवशी तिथं काहीतरी उभं राहिलं पाहिजे. नुसती रिकामी, सपाट, झाडलेली जागा म्हणजे पुढच्या पिशवीला आमंत्रण. चुना मारा, भिंत रंगवा, दोन कुंड्या, जुन्या फरशीचा कट्टा. बेंगळुरात 'द अग्ली इंडियन' या गटानं 2010 पासून हेच केलं: नाव न सांगता, भाषण न करता जागा साफ करायची, रंगवायची, बसायला काहीतरी करायचं. "काम चालू, मुँह बंद" हे त्यांचं ब्रीद आपल्या मंडळांनी घ्यायला हरकत नाही. गाडगेबाबांचं नाव आपल्याकडं अशा प्रत्येक कार्यक्रमात घेतलं जातं. बाबा गावात आले की आधी खराटा घ्यायचे आणि कीर्तन मागून, हा क्रम मात्र पाहुण्यांच्या भाषणात उलटा होतो.

नंतरचे पंधरा दिवस

वहीत लिहिलेल्या वेळी रोज दोघं जागेजवळ असावेत. पहारा नव्हे, तिथं कट्ट्यावर बसून पेपर वाचायचा. पिशवी घेऊन आलेला माणूस माणसं बघून पुढं जातो, किंवा थांबतो. थांबला की गाडीची वेळ सांगा. रात्रीतून एखादी पिशवी पडलीच तर सकाळी सहाच्या आत ती उचललेली असायला हवी. एका पिशवीवर दुसरी पडते, आणि दुसरीवर ढीग होतो. दारासमोरच्या बाईनं रोज तिथं पाणी शिंपडून रांगोळी काढायचं कबूल केलं तर निम्मी चिंता मिटते. तिचं नाव पहिल्या दिवसापासून कामात ठेवा, नुसत्या फोटोत नको.

दिवा लागला का ते बघत राहा. पोच घेतलेली प्रत इथं उपयोगी पडते.

कचरा येऊच नये म्हणून

शहराचा कचरा तुरमुरीच्या डेपोला जातो, आणि तिथल्या वासाबरोबर कोण राहतं हे आपण सोयीनं विसरतो. म्हणून गल्ली साफ ठेवून कचरा तिकडं ढकलणं पुरेसं नाही, तो कमीच निघाला पाहिजे.

दुकानदाराशी बोलताना नियम नेमके सांगा. 120 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक कॅरीबॅगेला देशभर 31 डिसेंबर 2022 पासून बंदी आहे. कर्नाटकात तर कॅरीबॅगच बंद. 1 जुलै 2022 पासून प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ, सजावटीचं थर्माकोल आणि मिठाईच्या डब्यावर गुंडाळायची पातळ फिल्मही बंद झाली. कुंद्याचा डबा नुसत्या दोऱ्यानं बांधून मागा. बाजारात कापडासारखी दिसणारी, रंगीत, पातळ पिशवी मिळते ती कापडाची नसते, तीही प्लॅस्टिकच. विणकर गल्ल्यांतल्या उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवून आठवडी बाजारात ठेवणं हे महिला मंडळांना सहज जमणारं आणि चार पैसे देणारं काम आहे.

लग्न, बारसं, वास्तुशांत यांच्या जेवणावळीत सगळ्यात जास्त कचरा एका तासात होतो. यजमानाला पंधरा दिवस आधी गाठा, आदल्या दिवशी नाही; आचाऱ्याशी तोवर प्लेटचा व्यवहार झालेला असतो. मंडळाकडं शंभर-दोनशे स्टीलची ताटं-पेले असतील तर ती भाड्यानं द्या. यजमानाचा खर्च वाचतो आणि मंडळाला उत्पन्न मिळतं. परवाना नसलेल्या जागी शंभरपेक्षा जास्त माणसांचा कार्यक्रम असेल तर किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा, असं 2016 च्या नियमांत होतं. हे फारसं कुणाला माहीत नव्हतं. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला आणि गणपती विसर्जनाला मंडळानं आपल्या मागे पोतं घेऊन चार पोरं ठेवली तर सकाळी गणपत गल्लीचं चित्र वेगळं असतं. निर्माल्य कपिलेश्वर तलावात प्लॅस्टिकच्या पिशवीसकट सोडणाऱ्यांना अडवू नका. पिशवी मागून घ्या, निर्माल्य कलशात टाकू द्या.

शिवार आणि डोंगर

गावच्या माणसांसाठी थोडं वेगळं. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या शिवारात ढीग नसतो, विखुरलेलं असतं. बांधावर संध्याकाळी पार्टी होते, बाटली भातात फुटते, आणि रोप लावायला उतरलेल्या बाईचा तळवा चिरतो. पाणी साचलेल्या चिखलात काच दिसतच नाही. म्हणून शिवारातली काच मे महिन्यात, पेरणीपूर्वी, रान कोरडं असताना वेचायची. ओळीनं, एका वाफ्यात चार माणसं, काठीनं ढेकळं उलटत. त्याच फेरीत नाल्याला मिळणाऱ्या छोट्या चरांच्या तोंडाशी अडकलेलं प्लॅस्टिक काढलं तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी शेतात पसरायला एक कारण कमी होतं.

ग्रामपंचायतीत आता कचऱ्याची गाडी असते, कित्येक ठिकाणी महिला गटातल्या बायकाच ती चालवतात. त्यांना आधी भेटा, पीडीओंना नंतर.

खानापूरकडं, जांबोटी-चोर्ला रस्त्यावर पावसाळ्यात गाड्या थांबतात आणि खाऊची पाकिटं जंगलाच्या कडेला राहतात. तिथं रस्त्याच्या कडेपर्यंतच काम करा. आत जायचं तर वनखात्याची परवानगी हवी, आणि पावसात आत जाऊच नये. सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला जाताना गल्लीतून ट्रॅक्टर-बैलगाड्या निघतात, तिथं चुली मांडून चार दिवस राहणं होतं. निघताना प्रत्येक गाडीत एक रिकामं पोतं आणि घरची ताटं चढवली की पुरे.

पैसा आणि वही

पावती पुस्तकाशिवाय पैसे घेऊ नका. पोती, चुना, रंग, चहा असा हिशेब महिन्याला कट्ट्यावर चिकटवा. राजकीय माणूस मदत देतो म्हणाला तर वस्तू घ्या, नाव लिहायची अट असेल तर नको म्हणा. पुढच्या निवडणुकीत जागा पक्षाची होते.

दुसरा कोपरा लगेच घेऊ नका. पहिला एक पावसाळा आणि एक गणेशोत्सव टिकला की मग. तोवर वही सांभाळणारं माणूस त्याच गल्लीतलं शोधा. ते निवृत्त असेल, पायानं अधू असेल, तरी चालतं. खिडकीतून कोपरा दिसायला हवा आणि कचरागाडीच्या चालकाचा फोन नंबर त्यांच्याकडं हवा.